लॉगरला घातलेला हार

निरवांगीचा नीळकंठ बावीस वर्षं बारामती एमआयडीसीतल्या एका दूध डेअरीत यंत्रं दुरुस्त करतोय. हाताला गुण आहे, पण जिभेला हाड नाही. कुणी काही सुचवलं की त्याचं उत्तर ठरलेलं, "तुमाला ह्यातलं काय कळतंय?" हे त्यानं बायकोला ऐकवलंय, साहेबांना ऐकवलंय आणि एकदा स्वतःची छाती तपासणाऱ्या डॉक्टरलाही ऐकवलंय.

दूध साठवायच्या कोल्ड रूमच्या दाराशी भिंतीवर एक डबी आहे. दर पाच मिनिटाला ती आतलं तापमान टिपते आणि वायरीतून ऑफिसातल्या कॉम्प्युटरला धाडते. तिला लॉगर म्हणतात. नीळकंठ तिला पोटच्या पोरीसारखं जपतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

खंडेनवमीनंतर चौथ्या दिवशी लॉगर रुसला. कॉम्प्युटरवरची तापमानाची रेघ तुटायची, तासाभरानं यायची, परत गायब. पुढच्या आठवड्यात तपासणीवाले येणार होते आणि त्यांना रेघ सलग लागते. मॅनेजर विजयसिंह साहेब तापले.

नीळकंठनं आधी मेन बटणावरून लॉगर बंद करून चालू केला. डेअरीत हा उपाय पंख्यापासून पंपापर्यंत सगळ्यावर चालतो. मग त्यानं ऑफिसकडची पिन बदलली, कॉम्प्युटर बदलून पाहिला, शेवटी नाइलाजानं लॉगर कंपनीच्या पुण्यातल्या इंजिनिअरला फोन लावला. त्यानं एवढंच विचारलं, "लॉगरकडचा दिवा पेटतोय का?"

"मला शिकवता व्हय? तुमाला ह्यातलं काय कळतंय," म्हणत नीळकंठनं फोन ठेवला.

आता कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायला हवं होतं. फरशी पुसणारी मंदाकिनी आयतीच सापडली. "पोछा मारताना हिनंच वायर वढली आसंल," नीळकंठ म्हणाला. साहेबांनी फार चौकशी केली नाही. चौकशीला वेळ लागतो, फरशी पुसणाऱ्या बाईला काढायला लागत नाही. मंदाकिनीला सांगण्यात आलं, सोमवारपासून येऊ नका.

शनिवारी नीळकंठ अख्खी वायरच बदलायला निघाला आणि बदलत बदलत लॉगरपाशी पोचला. तिथं झेंडूचा हार लोंबत होता. खंडेनवमीचा हार कुणी काढत नाही, तो आपणहून गळायचा असतो. डेअरीत एवढा एकच नियम न चुकता पाळला जातो. नीळकंठनं हार बाजूला केला. खालचा दिवा विझलेला होता. पिन उपसली तर भोकात कुंकवाचा चिखल, नारळाचं पाणी वाळून चिकटलेलं आणि आतल्या बारीक तारा हिरव्या पडलेल्या. वर डबीवर कुंकवाचा अंगठा होता. तो त्याचाच. नारळही त्यानंच फोडला होता, लॉगरच्या अगदी पुढ्यात, कारण पोटची पोर ना!

त्यानं टूथब्रशनं भोक घासलं, स्पिरिट लावलं, वाळू दिलं, पिन बसवली. हिरवा दिवा पेटला. कुणी पाहिलं नव्हतं. नीळकंठ गुपचूप जेवणाचा डबा घेऊन मोटरसायकलपर्यंत गेलाही.

नळावर मंदाकिनी पोछा धूत होती. परवा तो दुसऱ्याच बाईच्या हातात जाणार होता, तरी ती दोनदा पिळून घेत होती. नीळकंठची मान खाली गेली. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती त्याला सवयीची नव्हती. तो तिला घेऊनच ऑफिसात गेला.

"साहेब, वायर हिनं न्हाय वढली. नारळाचं पानी माझ्याच हातनं आत गेलं."

साहेब दचकले. पूजेचा फोटो त्यांनी स्वतः ग्रुपवर टाकला होता. "कागदावर नारळ लिहू नका," ते म्हणाले. "ओलावा लिहा. आन् बाई, तुमी या सोमवारी."

मंदाकिनीनं पदराला हात पुसले. "मी नवमीलाच म्हनलं हुतं यास्नी, नारळ जरा लांब फोडा."

"मग म्या काय म्हनलं?" नीळकंठनं विचारलं. त्याला आठवत नव्हतं.

"तुमी रोज म्हनता तेच," ती म्हणाली आणि बादली उचलून चालू लागली.