तेरसचं पान आणि बँकॉकचं तिकीट

बँकॉक मला अकोल्याइतकंच पाठ आहे, असं मी चारचौघांत सांगतो. त्यातली निम्मी बढाई असते. पण कालव्यातल्या बोटीत पाणी अंगावर यायच्या आत ताडपत्री कधी ओढायची, हे मला खरंच कळतं. उतरतो दरवेळी त्याच गेस्ट हाउसमध्ये. तिसरा मजला, पंख्याची खोली, न्हाणीघर सगळ्यांत मिळून एक. बायको एकदाच आली होती. तो पंखा बघून म्हणाली, "पुढच्या वेळी तुमी एकटेच या." तेव्हापासून मी एकटाच जातो आणि मनातून खूश असतो.

तिकीट मी सेल लागला की काढतो, सात-आठ महिने आधी, पैसे परत न मिळणारं. गेल्या वर्षीही तसंच काढलं आणि तिथंच माती खाल्ली.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मी एकुलता एक. नोकरीमुळे मी अकोल्यात, आई अमरावतीच्या घरी. पितृपक्षातलं बाबांचं पान आदल्या वर्षी मीच वाढलं होतं. तिकीट काढताना तीच तारीख डोक्यात ठेवली, पुढे चांगले आठ-दहा दिवस सोडले आणि मोकळा झालो. त्या वर्षी अधिक महिना आहे, पितर पुढे सरकणार, हे ध्यानातच आलं नाही. मधल्या काळात तोच धोंड्याचा महिना साजरा करायला मी सासुरवाडीला, शेंदूरजनाघाटला, जाऊन ताटभर अनारसे खाऊन आलो. जावयाचा मान बरोबर लक्षात राहिला. मुलाचं काम राहिलं नाही. याची लाज आजही वाटते.

आईचा फोन आला तेव्हा निघायला थोडेच दिवस उरले होते.

"तुया बाबाचं पान तेरसले हाये. आदल्या दिवशीच येजो."

मी तिकिटाचं सांगितलं. पैसे बुडतील म्हणालो. बुडाले असते तर मी काही रस्त्यावर येणार नव्हतो. मला जायचं होतं, एवढंच खरं.

ती म्हणाली, "मंग जाय तू. सूनबाई येईन, आमी दोघी करून घेऊ."

रागावली असती तर बरं झालं असतं. मलाही उलट चिडता आलं असतं.

तेरसच्या सकाळी मी गेस्ट हाउसच्या पायऱ्या उतरलो तर मालकीणबाई खाली मोठ्या कढईशी बसल्या होत्या. लाह्या, तीळ, शेंगदाणे गुळात घोटणं चाललं होतं. पलीकडे त्यांचा मुलगा केळीची पानं पुसत होता. तो दक्षिणेकडे कुठंतरी नोकरीला असतो, मी त्याला प्रथमच पाहत होतो. बाईंनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की हे दिवस गेलेल्या माणसांचे, त्यांचं जेवण विहारात न्यायचं, म्हणून पोरगा रात्रभर बसमध्ये बसून आला. मग गरम वडीचा तुकडा माझ्या हातावर ठेवून विचारलं, "तुमच्याकडे असतं का असं काही?"

"असतं," मी म्हणालो. "झालं आमचं. करूनच निघालो."

किती सहज बोलून गेलो. वडी तशीच हातात धरून रस्त्यावर आलो. कुठंही जावंसं वाटेना. दुपार टळेपर्यंत तिथंच रेंगाळलो आणि शेवटी एका दुकानाच्या पायरीवर बसून घरी फोन लावला. अमरावतीला जेवणं नुकतीच उरकली होती.

आमच्याकडे पितराला माणूस बसवतात. गेलेल्याच्या वयाचा कुणी बोलवायचा, त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, पाटावर बसवून जेवू घालायचं. तेवढा वेळ तो माणूस म्हणजे घरातलं गेलेलं माणूसच. आईनं बाबांच्या संध्याकाळच्या फिरण्यातल्या मित्राला बोलावलं होतं.

"सगळं नीट झालं," आई म्हणाली. "वडे, कढी, खीर, सगळं केलं. पैला घास उचलला अन् त्याइनं इचारलं, पोरगा कुठी हाये?"

"मंग?"

"मी सांगतलं, हापिसानं बाहेर धाडलं. लय हातापाया पडला सायबाच्या, पण सुटी नाई भेटली."

मी "जेवले का ते?" एवढंच विचारलं.

"जेवले. पोटभर जेवले." मग ती फोन घेऊन बाहेर आली असावी, मागचा भांड्यांचा आवाज थांबला.

"तुया बाबाशी मी उभ्या जन्मात कधी खोटं नाई बोलली," ती म्हणाली. "आज पाटावर बसवलं, जेवाले वाढलं अन् बोलली."