निळीचा थेंब

भिंतीला कान लावून बसलेला माणूस पहिल्यांदा बघणाऱ्याला थोडा खुळाच वाटतो. टकटक मिस्त्रीला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. हातात लहानशी हातोडी, खिशात खडूचे तुकडे, गुडघ्यांना बांधलेल्या चिंध्या, आणि काँक्रीटवर टक, टक, टक. आवाज पोकळ आला की थांबायचं, खडूने गोल करायचा, पुढे सरकायचं. सगळे त्याला याच नावाने हाक मारत. खऱ्या नावाची चौकशी करायचं कुणाला सुचलं नाही, आणि बायको तर त्याला नुसतं 'अहो' म्हणायची. तिला जाऊनही आता पाच वर्षं झाली होती.

बाकीचे गवंडी ओल दिसली की तिथेच सिमेंट थापून मोकळे होतात. पाणी जिथे दिसतं तिथूनच आलेलं असतं असं नाही, हे सांगून सांगून मिस्त्रीची जीभ झिजली होती. म्हणून त्याचा नेम ठरलेला होता. पहिले तीन दिवस कशालाही हात लावायचा नाही. रोज सकाळी ओल जिथवर पसरली असेल तिथे खडूची रेघ ओढायची, शेजारी वेळ लिहायची आणि बघत बसायचं. लोकांना वाटे, हा नुसते दिवस भरतोय. पण तीस वर्षांत त्याने बंद केलेली गळती पुन्हा सुरू झाल्याचं कुणी दाखवून द्यावं.

घरी दोन खोल्या होत्या. सकाळी निघताना तो रेडिओ चालू ठेवून जाई, म्हणजे संध्याकाळी कुलूप उघडताना आतून कुणाचा तरी आवाज यायचा. परगावचा मुलगा रविवारी फोन करी, "जेवलात का?" विचारी, आणि "हो" ऐकलं की त्याला दुसरा कुणाचा तरी फोन यायचा. मुलगा वाईट नव्हता. दोघांकडे बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, एवढंच.

अशात एक काम निघालं ते एका निवृत्त नर्सबाईंकडे. घर उतारावर, आणि उताराच्या पोटात काँक्रीटचं गॅरेज. गॅरेजच्या छतावर गच्ची, गच्चीवर फुलझाडांचे वाफे. पाऊस असो नसो, झाडांना पाणी घातलं की गॅरेजच्या आतल्या कोपऱ्यात धार लागायची. आधीच्या एका कारागिराने भिंतीला डांबर फासलं होतं, दुसऱ्याने कोपरा गिलाव्याने बुजवला होता. दोघांनीही शेवटी हात टेकले होते.

"गाडी कधीच विकली," बाई म्हणाल्या. "मला इथे माझ्या ताईला आणायचंय. तिला जिना चढवत नाही, आणि पायऱ्या नसलेली जागा घरात एवढीच. तिचा मुलगा महिनाअखेर लहान घरात जातोय. तोवर ही खोली झाली नाही, तर तो तिला वृद्धाश्रमात ठेवणार. नुसत्या त्या शब्दाने तिला घाम फुटतो हो."

"होईल कोरडी," मिस्त्री म्हणाला. "पण मला घाई करायची नाही."

"नाही करणार. चहात साखर किती घालू?"

हे त्याला कितीतरी दिवसांनी कुणीतरी विचारत होतं. तो गडबडून "चालेल" म्हणाला.

बाई चहा घेऊन आल्या त्या स्वतःसाठी स्टूल घेऊनच. मग रोजच येऊ लागल्या. दवाखान्यातल्या गमती सांगत, रात्रपाळीत झोपणाऱ्या डॉक्टरची नक्कल करत. मिस्त्री आधी नुसती मान हलवी. तिसऱ्या दिवशी त्यानेही तोंड उघडलं. बायकोच्या शेवटच्या आजारपणाबद्दल त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. बाईंनी ऐकून घेतलं, मध्येच एका औषधाचं नाव विचारलं आणि म्हणाल्या, "तुम्ही बरोबर केलंत. त्याहून जास्त कुणालाच काही करता आलं नसतं." त्या संध्याकाळी मिस्त्री घरी पोचला, आणि रेडिओ चालू आहे की बंद, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

चौथ्या दिवशी त्याने बादलीत कपड्यांची नीळ कालवली आणि गच्चीवर एकेका जागी ओतत गेला. वाफ्यांपाशी ओतली, काही नाही. कठड्याच्या सांध्यात ओतली, काही नाही. मग दिव्याच्या खांबाच्या बुडाशी ओतली आणि खाली येऊन बसला. अर्ध्या पाऊण तासाने कोपऱ्यात एक थेंब फुगला. निळा! स्लॅब ओतताना दिव्याच्या वायरसाठी आत नळी टाकलेली होती. वाफ्यांतून वाहून आलेलं पाणी खांबाच्या बुडाशी साचून तिच्यात शिरत होतं आणि दहा फूट लांब या कोपऱ्यात बाहेर पडत होतं. मिस्त्रीला गुदगुल्या झाल्या. तो हाक मारणार, तोच जिन्यावर कपबशीची किणकिण ऐकू आली.

दोन तासांचं काम, हे त्याच्या लगेच लक्षात आलं. आज दोन तास, आणि उद्यापासून इथे यायचं कारण नाही. त्याने खांद्यावरचं फडकं ओढलं आणि निळा थेंब पुसून टाकला.

"लागला का पत्ता?" बाईंनी विचारलं.

"नाही अजून. बेरकी पाणी आहे."

याला लबाडी म्हणतात, दुसरं नाव नाही. मिस्त्रीलाही ते कळत होतं. त्याने मनाची समजूत घातली की महिनाअखेरीला अजून अवकाश आहे, सोमवारी उरकून टाकू. सोमवारी म्हणाला, बाहेरची भिंत बघायला हवी. मंगळवारी चांगल्या धडधाकट काँक्रीटवर दुपारपर्यंत टकटक करत राहिला. रंगारी आणि वायरमन दोघेही बाईंना फोन करून विचारत होते, आम्ही कधी यायचं? बाई त्यांना सांगत, "आमच्या मिस्त्रींना घाई केलेली चालत नाही. माणूस कामाचा पक्का आहे." हे त्याच्या कानावर पडे आणि तो उगाच जोरात हातोडी मारू लागे. तरी दुसऱ्या दिवशी तो वेळेवर हजर.

बाराव्या दिवशी बाई चहा न घेताच खाली आल्या. हातात फोन होता.

"भाच्याला नव्या घराची किल्ली आधीच मिळाली," त्या म्हणाल्या. "काल त्याने ताईला सोडलं तिकडे. थोडेच दिवस, म्हणतो. ताई फोनवर बोललीच नाही. नुसता श्वास ऐकू येत होता." त्या स्टुलावर बसल्या. "जन्मभर लोकांच्या आया सांभाळल्या मी."

 मिस्त्री उठला, पिशवी घेऊन गच्चीवर गेला. खांबाचं बूड उकललं, नळीचं तोंड साफ करून बुजवलं, भोवतीचं काँक्रीट छिन्नीने उकरून लवकर घट्ट होणारा पक्का माल भरला, पाणी पलीकडे वाहून जाईल असा उतार दिला. माल घट्ट झाल्यावर तासभर पाइपने पाणी सोडलं. खाली कोपऱ्यात एक थेंबही आला नाही.

बाई मागोमाग गच्चीवर येऊन सगळा वेळ जवळच उभ्या होत्या. "एवढंच होतं?" त्यांनी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर त्याला तोंडपाठ होतं. दुरुस्तीला वेळ लागत नाही, शोधायला लागतो. ते ओठांवर आलंही होतं.

"चौथ्या दिवशीच सापडलं होतं, बाई," तो म्हणाला.

"मग?"

"तुम्ही चहा घेऊन यायचात." त्याची मान वर होईना. "गप्पा व्हायच्या."

बाईंनी बोटांवर दिवस मोजले. "आठ दिवस," त्या हळूच म्हणाल्या. "आठ दिवसांत वायरिंग झालं असतं, रंग सुकला असता. काल ताई इथे झोपली असती."

"हो."

"अहो, मग म्हणायचं होतंत ना. काम झालं तरी चहाला येत जाईन, एवढंच म्हणायचं होतंत. मी काय नको म्हटलं असतं?"

 इतकी साधी गोष्ट त्याच्या डोक्यातच आली नव्हती. कुणी आपल्याला कामाशिवाय घरी बोलवेल, हेच तो विसरून गेला होता. त्याला रडू येईलसं वाटलं, आणि या वयात परक्याच्या गच्चीवर रडायचं कसं हेही कळेना.

त्याने हत्यारं पुसली, पिशवीत भरली. फाटकाशी आल्यावर म्हणाला, "महिन्याभराने येऊन एकदा बघून जाईन. सगळ्यांकडेच जातो मी."

"नको," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "पुन्हा गळलं तर फोन करीन."

तो मान हलवून रस्त्याला लागला. नळीचं तोंड त्याने दोनदा भरलं होतं. उतार तळहाताने चाचपून बघितला होता. तिथून आता पाण्याचा थेंब आत जाणार नव्हता, हे त्याच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटलं, काम थोडं कच्चं राहायला हवं होतं.