गाल भरून येईपर्यंत

नवऱ्यावर सूड उगवायचा तर आधी तोंड पाहिजे, आणि माझं तोंड अस्वलानं फाडून ठेवलं होतं.

मोह पडायचे दिवस होते. पहाटे आम्ही दोघं टोपल्या घेऊन झाडाखाली गेलो. मोहफुलं आम्हाला हवी तशी अस्वलालाही हवी, ते काही नवीन नाही. ते झुडपातून निघालं, नवऱ्यानं पाहिलं आणि धूम ठोकली. मला साधी हाकही मारली नाही. मी वळते तोवर पंजा बसला. खालचा ओठ, उजवा गाल, जबडा, सगळं एका फटक्यात गेलं. मग अस्वल आपल्या मर्जीनं निघून गेलं. नवरा परतला तो गावची माणसं घेऊन.

चंद्रपूरच्या दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा जबडा तारेनं बांधलेला, नाकात नळी. आणि हा शूरवीर खाटेशी उभा राहून सांगत होता, "मी कुऱ्हाडीचे दोन घाव घातले मॅडम, तवा कुठी सोडलं तिले."

डॉक्टरबाई अस्वलानं फाडलेल्या चेहऱ्यांवर संशोधन करायची. मोडलेलं हाड कसं जुळतं, जखम कशी भरते, लावलेलं कातडं कुणाचं धरतं, कुणाचं सडतं. प्रत्येकाला तिचा पहिला प्रश्न एकच, कसं झालं ते सुरुवातीपासून सांगा. माझ्या वाटचं उत्तर नवराच द्यायचा आणि दर खेपेला एक घाव वाढवायचा. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणायची, असा नवरा मिळायले नशीब लागते वो. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. कागदावर लिहून दाखवता आलं असतं मला. पण मला ते त्याच्याच माणसांत, माझ्याच तोंडानं सांगायचं होतं.

डॉक्टरबाईनं छातीवरचं कातडं सोडवून गालावर वळवलं. त्याचं मूळ छातीलाच ठेवलं, रक्त तिथूनच यायचं. कातडं गालावर धरलं की मग ते मूळ कापायचं. तोवर मान वाकडी करून पडायचं.

आमच्याकडे कुणाला भेटायला जाताना खर्रा नेतात. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटलेला. माझी सवय लहानपणाची, हे नवऱ्याला ठाऊक. "बिना खर्ऱ्याची कशी राहशीन तू?" म्हणत त्यानं चांगल्या बाजूच्या गालात चिमूट सारली. रोज येऊन सारायचा. मीही धरून ठेवायची, तलफच तशी होती.

मग कातड्याची कड काळी पडली. डॉक्टरबाईला वास आला. तिनं बोट घालून खर्रा बाहेर काढला आणि माझ्यासमोर धरला. म्हणाली, "तंबाखूनं रक्ताच्या बारीक नळ्या आवळतात. या कातड्याला आधीच घोटभर रक्त मिळतंय, तेही तुम्ही तोडताय. आणखी काळं पडलं तर ओठ मिटणार नाही, बाई. कुणाला तुमचं बोलणं कळणार नाही."

काळी कड कापली. त्या दिवसापासून त्यानं पन्नी काढली की मी भिंतीकडे पाहायची. तो सगळ्यांना सांगायचा, रुसली. अरे मेल्या, रुसले नव्हते, तुझ्यासाठीच तोंड जपत होते. तलफ आली की मी त्याची पळणारी पाठ आठवायची. औषधासारखी लागू पडायची ती.

कातडं धरलं. तारा निघाल्या. ओठ जड होता, पण मिटत होता. घरी जाईपर्यंत मी एकच वाक्य घोटत होते.

मी बरी होऊन आले म्हणून सासऱ्यानं बकरा कापला. आंगणात पंगत बसली, मी वाढत होते. कुणीतरी विचारलं आणि नवरा सुरू झाला. आता घाव पाच झाले होते.

"कुऱ्हाड तं घरीच होती," मी म्हणाले. "खुटीले टांगली होती. अस्वल दिसलं आन् हा पळाला."

हात पत्रावळीवरच थांबले. सासऱ्यानं विचारलं, "खरं हाय का रे?"

नवऱ्याचा हात खिशातल्या पन्नीकडे गेला आणि तिथंच राहिला. मी त्याच्या पत्रावळीवर आणखी भात वाढला, टोपलं खाली ठेवलं आणि पंगतीच्या मधोमध बसून सगळं सुरुवातीपासून सांगायला लागले.