दोन दादा, एक ताणा

आयुष्यात मी एकच तह घडवून आणला आणि त्यात आमची अख्खी गल्ली दोन गुंडांना अर्धी-अर्धी वाटून टाकली. तीही त्यांना चहा पाजून.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. लकडगंजच्या मागच्या अंगाला आमची गल्ली, बहुतेक घरं विणकरांची. गल्लीच्या एका टोकाला आखाडा, त्याचा एक दादा. दुसऱ्या टोकाला लाकडाचा टाल, म्हणजे वखार, त्याचा दुसरा. दोघं लहानपणी एका ताटात जेवलेले. एका कुस्तीच्या निकालावरून बिनसलं आणि मधल्या कडुनिंबापाशी रस्ताच बंद झाला. नळ इकडे आखाड्याच्या बाजूला, पिठाची चक्की तिकडे टालाच्या. तिकडची बाई पाण्याला आली की तिची घागर लवंडायची, इकडची दळणाला गेली की तिचा डबा. विणकरांनी सूत ताणायला गल्लीच्या दोन टोकांना खुंट रोवलेले; एका मारामारीत तर दोघांच्या पोट्ट्यांनी ते उपटले आणि त्याच खुंटांनी एकमेकांना बडवलं.

मी सरकारी कचेरीत टायपिस्ट. गल्लीत पँट घालून कामाला जाणारा मी एकटाच, त्यामुळे देशाचं परराष्ट्र खातं आपल्याकडेच आहे असं मला वाटायचं. मी दोन्ही दादांना घरी बोलावलं. दार-खिडक्या लावून घेतल्या. बोलणी रंगात आली असताना बायको पडद्याआडून म्हणाली, "बाहेर मावशी उभ्या आहेत. आत घेऊ?"

"आत्ता नाही! महत्त्वाचं चाललंय."

मावशी म्हणजे समोरच्या घरातली विधवा विणकरीण. माग ती एकटी चालवायची.

तासाभरात तह ठरला. निंबाच्या अलीकडे आखाड्याची सत्ता, पलीकडे टालाची, कोणी कोणाच्या हद्दीत पाय टाकायचा नाही. दोघं इतके खूश झाले की मला वाटलं, मी काहीतरी फार मोठं केलं. आपल्या खिशातलं काहीच जात नसलं की माणूस खूश होतोच, हे मला तेव्हा कळत नव्हतं. रविवारी सकाळी निंबाखाली नारळ फोडून सह्या करायचं ठरलं. मी नऊ कलमं तीन प्रतींत टाइप केली.

दुसऱ्या दिवशी मावशीने मला रस्त्यात गाठलं.

"भाऊ, तुमी भांडण मिटवलं म्हणते. मंग सांगा, माझा ताणा कोणाच्या राज्यात लावू?"

विणायच्या आधी सुताचा लांबलचक ताणा रस्त्यावर ताणतात, त्याला शिजवलेली खळ लावतात आणि कुंचा फिरवत उन्हात वाळवतात. मावशीचा ताणा गल्लीच्या या खुंटापासून त्या खुंटापर्यंत जायचा. बरोबर मधोमध माझी सरहद्द.

"आठ दिवस झाले, माग रिकामा हाये. रविवारी दुपारी सूतवाला शेठ येते. सूत तसंच दिसलं तं उचलून नेते. मंग माग काय कपडे वाळवाले ठेवू?"

"मावशी, आपण दहावं कलम घालू."

"तुमच्या कलमानं सूत ताणते काय गा?" एवढं बोलून ती निघून गेली.

रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून, बगलेत तहाच्या प्रतींची पिशवी मारून निघालो. बघतो तो निंबाखाली सारी गल्ली जमलेली, बाया पुढे. आणि निंबाच्या दोन्ही बाजूंना, माझी सरहद्द तुडवत, पांढराशुभ्र ताणा. नुकतीच खळ लावलेली. दोन्ही टोकांचे दोर गल्लीतल्या बायांनी धरलेले, पण खुंटाचं काम मनगटाला झेपत नव्हतं. ताणा मध्ये झोल खाऊ लागला होता. ओली खळ, ढिला ताणा, म्हणजे धागे एकमेकांना चिकटले आणि सगळं सूत मातीत.

आखाड्याचा दादा कडक धोतरात आला. मावशीने दोर सरळ त्याच्या हातात दिला.

"धर गा. दमानं ओढ."

"मी काहून, मावशी?"

"खुंट तुह्या पोट्ट्यायनं उपटला. आता तूच खुंट."

पहिलवानाच्या हाताला दोर लागला की तो ओढतोच. त्याने ओढला. पलीकडून टालवाला पाहत होता. आपण नाही धरला, तर गल्ली म्हणेल याच्यात दम नाही. त्यानेही दुसरं टोक धरलं. ताणा सतारीच्या तारेसारखा झाला.

आता दोघांनाही हलता येईना. जो आधी सोडेल तो हरला, आणि खळ वाळायला चांगले दोन तास. कुंचा फिरवता फिरवता मावशी म्हणाली, "चला वं, विचारा ज्याले जे विचाराचं हाये. आज पळून नाही जात कोणी."

बाया तुटून पडल्या.

"माही घागर कोणं लवंडली?" एकीने आखाडेवाल्याला विचारलं.

"माहीत नाही, वहिनी."

"माहीत नाही? दोर ढिला नको करू, तोंड ढिलं कर!"

"...आमच्याच पोट्ट्यायनं."

टालवाल्याला चक्कीचं विचारलं. तो आधी गुरकावला, मग घाम डोळ्यांत उतरला तसा म्हणाला, "चुकलं. उद्यापासून चक्कीवर कोणालेच नाही अडवणार." ते ऐकून आखाडेवाला ओरडला, "नळावर बी नाही!" मागे कसा राहील तो?

"अन् अडवलं तं?" मावशीने विचारलं.

"तं पुन्हा खुंट!" बायांनी एका सुरात उत्तर दिलं, आणि टाळ्या अशा पडल्या की निंबावरचे कावळे उडाले. दादासुद्धा हसले. दोर मात्र सोडला नाही.

उन्हं वर आली, खळ वाळली, ताणा खणखणीत. दोन्ही दादांनी धोतर खोचून स्वतः खड्डे खणले आणि नवे खुंट रोवले. लाकूड टालाचं, ठोकणं आखाड्याचं. शेठ आला तेव्हा मावशीच्या घरातून मागाचा खटखट आवाज येत होता. तो दारातूनच परत गेला.

"भाऊ, तो सहीचा कागद?" टालवाल्याला आठवण झाली.

"कागद कायले?" मावशी आतूनच ओरडली. "साऱ्या गल्लीनं आयकलं नाही काय?"

तरी मी ऐटीत पिशवी उघडली. आत फक्त माझा डबा पुसायचा फडका.

घरी येऊन मी बायकोला ताण्याची, घामाची, टाळ्यांची सारी हकिकत सांगितली. ती तिथेच सगळ्यांत पुढे उभी होती, हे माझ्या लक्षातच नव्हतं. शेवटी विचारलं, "माझा तह कुठे गेला?"

"पहाटे मावशींच्या खळीची चूल पेटत नव्हती, लाकडं ओली होती," ती म्हणाली. "एका प्रतीनं नाही भागलं हो. तिन्ही लागल्या."