पातेलंभर आंबेडाळ

फोनवर ती एवढंच म्हणाली, "गुरुवारी दुपारी जेवायला चल. शिंदे घाटाच्या वर नवीन हॉटेल उघडलंय." आणि माझं हो-नाही ऐकायच्या आत फोन ठेवून दिला. आठ महिने जी बाई माझ्याशी "बरी आहेस ना?" "हो, बरी आहे" यापलीकडे बोलली नव्हती, ती मला उगाच जेवायला नेत नव्हती. तिला काय विचारायचंय ते मला पक्कं ठाऊक होतं. उत्तर तेवढं माझ्याकडे नव्हतं.

आमची मैत्री बत्तीस वर्षांची. मी इथलीच, काशीत जन्मलेली आणि काशीतच दिलेली. ती नाशिकहून लग्न होऊन आली. नवरा विद्यापीठात शिकवायचा. पहिल्या चैत्रात कुणीतरी तिला आमच्या घरी हळदीकुंकवाला घेऊन आलं. आतून बायकांचं मराठी कानावर पडलं, आणि ही बया उंबऱ्यातच रडायला लागली. मी हाताला धरून आत नेलं. माझी आंबेडाळ तिनं चाखली, तोंड वाकडं केलं आणि डोळे पुसत म्हणाली, "पुढच्या वर्षीपासून डाळ मी करून आणीन." काय आगाऊ! पण आणली. तेव्हापासून आमच्या चैत्रगौरीची डाळ तिचीच. आमची पोरं आता आपसांत हिंदीतच बोलतात. मनमोकळं मराठी बोलायला मला ती होती आणि तिला मी.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात तिचा नवरा गेला. आणि या चैत्रात मी तिला बोलावलं नाही.

विसरले असते तर बरं होतं. विसरले नव्हते. एकेकीला फोन लावत होते, तिचा नंबर आला तेव्हा अंगठा तिथेच थांबला आणि मग खाली सरकला. समोर माझ्या थोरल्या जाऊबाई बसल्या होत्या. त्यांनी नुसतं माझ्या हाताकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा करून कामवालीबरोबर तिच्याकडे डाळीचा डबा धाडला. संध्याकाळी डबा परत आला, घासूनपुसून लख्ख, आणि रिकामा. आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत, चमचाभर साखर तरी घालतात. ती तर कधी वाटीसुद्धा रिकामी पाठवायची नाही. झाकण उघडलं, पुन्हा लावलं आणि डबा फळीवर मागे सारून ठेवला.

गुरुवारी बारा वाजले तरी धुकं हटलं नव्हतं. गल्लीतून जाताना मी मनात घोकत होते, अगं, वर्ष व्हायचं होतं ना, वर्षाच्या आत कसं बोलावणार. हे बरं होतं. यात माझा दोष नव्हता, रीतीचा होता.

ती हॉटेलच्या जिन्यापाशी उभी होती. राखाडी शाल, चेहरा निम्मा झालेला, पण हसली. खरंच हसली. "परवा वर्षश्राद्ध झालं," म्हणाली. "आज पहिल्यांदाच अशी बाहेर पडलेय. चल, भूक लागलीय मला." मला इतकं बरं वाटलं की मी तिचा हातच धरला. दोघी वर गेलो.

दारात नऊवारीसारखं काहीतरी नेसलेली एक मुलगी ताट घेऊन उभी होती. ताटात निरांजन, झेंडूच्या पाकळ्या आणि रोळी, म्हणजे इकडचं कुंकू. नवीन हॉटेलांची ही नवीन तऱ्हा, येईल त्याला टिळा लावायचा. "वेलकम आंटी," म्हणत तिनं आधी मला लावला. मग ती हिच्याकडे वळली. हिनं शाल मागे सारली आणि कपाळ पुढे केलं. अगदी सहज.

आणि माझा हात मध्ये गेला. "इनको नहीं," मी म्हणाले.

देवाशपथ सांगते, मी विचार करून बोलले नाही. तोंडातून निघून गेलं. मुलगी गोंधळली, "सॉरी आंटी, सॉरी" करत ताट घेऊन मागे सरली. पाठीमागे चार माणसं थांबली होती, त्यांनीही पाहिलं. हिनं पुढे केलेलं कपाळ हळूच मागे घेतलं, शाल सारखी केली आणि आत चालू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खिडकीजवळचं टेबल मिळालं. खाली नदी, आणि शेजारी मणिकर्णिकेवरच्या चितांचा धूर धुक्यात मिसळत होता. तिच्या नवऱ्याला तिथेच नेलं होतं. मी घाईघाईनं तिकडे तोंड करून बसले, म्हणजे तिची पाठ त्या बाजूला होईल.

"ऊठ," ती म्हणाली. "मला नदी दिसू दे."

मी उठले. जागा बदलली. तिनं थाळी मागवली, वाटल्या मटारचा निमोना, कचौरी, दम आलू, कायकाय. आणि मला तोंड बंदच ठेवता येईना. निमोना बरा आहे हं, मटार कोवळा आहे, खुर्च्या किती गुळगुळीत, पडदे कुठून आणले असतील. माझीच बडबड मला नकोशी झाली होती. ती जेवत नव्हती. बोटानं कचौरी मोडत होती, तुकडे ताटात तसेच ठेवत होती.

मग तिनं वाटी बाजूला सारली. "तुला आज इथे का बोलावलं, माहीत आहे?"

"अगं, वर्ष व्हायचं होतं ना..." घोकलेलं माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं.

"हेच. हेच मी स्वतःला सांगत होते," ती म्हणाली. "आठ महिने. वर्ष व्हायचंय म्हणून नसेल बोलावलं, ती तशी नाही, मी ओळखते तिला. म्हटलं, वर्ष होऊ दे, मग सरळ विचारीन. आज विचारणार होते. तू दारातच उत्तर दिलंस."

वेटर पाणी ओतून गेला. मी म्हणाले, "तुला त्रास होऊ नये म्हणून गं."

"मला त्रास होईल की नाही, ते मला विचारलंस कधी?" आवाज चढला नव्हता, पण शेजारच्या टेबलावरची बाई वळून बघायला लागली. "कुंकू नसतं लावलंस तरी चाललं असतं. कोपऱ्यात बसले असते. पण डाळ माझी ना? आदल्या रात्री भिजत घातली होती मी. सकाळी कैऱ्या किसल्या. फोडणी घालून पातेलं झाकून ठेवलं आणि फोनजवळ बसले. वाटलं, ऐनवेळी का होईना, करशील. दिवेलागणी झाली. मग गल्लीतल्या गाईला घातली. पातेलंभर."

मी रडायला लागले. लाज वाटली म्हणून रडले, दुसरं काही नाही. मग खरं ते बोलले. "मी घाबरले. रीतभात काही नाही, मी घाबरले. जाऊबाई काय म्हणतील, बाकीच्या उठून गेल्या तर काय, याला घाबरले."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुझी डाळ खारट झाली होती. डब्यात घालायला गूळ काढला होता मी. हात पुढे गेला नाही."

मग मला काय झालं कोण जाणे. मी उठले, तरातरा दारापाशी गेले, त्या मुलीच्या हातातलं ताट घेतलं आणि टेबलाशी आले. सगळं हॉटेल बघत होतं. बघू दे! अनामिकेवर रोळी घेतली. "कपाळ पुढे कर," मी म्हणाले.

तिनं माझं मनगट धरलं. घट्ट.

"इथे नको," ती म्हणाली. "इथे आपल्याला कोण ओळखतं? इथे धीट व्हायला काय लागतं? चैत्रात लाव. तुझ्या घरी, जाऊबाईंच्या समोर. जमणार असेल तर फोन कर, डाळ भिजत घालीन. जमणार नसेल तर उगाच डबे धाडू नकोस."

मनगट सोडून ती नदीकडे बघत बसली. मी ताट परत देऊन आले. थंड झालेलं जेवण आम्ही दोघी जेवलो, सगळं. जिना उतरताना तिनं माझा हात धरला नाही. मीही पुढे केला नाही.

चैत्र लागायला आता तीन महिने राहिलेत. बोलावण्याची यादी मी आत्ताच करून ठेवलीय, आणि पहिलं नाव तिचं आहे. कागद देवघरातल्या डब्याखाली घडी करून ठेवलाय. जाऊबाईंना अजून दाखवलेला नाही.