पोचल्यावर फोन

आईने मला आयुष्यात कधी "पोचलीस की फोन कर" म्हटलं नाही.

आज सकाळी ती गेली. म्हणून सांगते.

ऐंशीच्या दशकात आम्ही अंधेरीला राहायचो. बाबा मालवाहू बोटीवर, इंजिन रूममध्ये. पुढचं बंदर होतं कुठलंतरी ज्वालामुखीचं बेट. आईने हट्टाने लिहिलं, "या खेपेला पत्र नको. पोचलात की फोन करा. आवाज ऐकायचाय."

नंबर समोरच्या सुमनकाकूंचा. अख्ख्या मजल्यावर तेवढाच एक फोन.

मग रेडिओवर बातमी आली. त्याच बेटावर मोठा भूकंप, आणि पाठोपाठ समुद्र गावात शिरला.

त्सुनामी हा शब्द तेव्हा आम्हाला ठाऊकही नव्हता.

आई काकूंच्या हॉलमध्ये फोनशेजारच्या स्टुलावर जाऊन बसली.

"अगं घरी जा, वाजला की हाक मारते ना!"

"नको. मी येईपर्यंत कट होईल."

पाच दिवस. आंघोळीला जाताना मला तिथे बसवायची आणि ओल्या केसांनी धावत यायची.

वर्सोव्याची आमची मासेवाली जनाबाई धीर द्यायला वर आली. "बोट खोल पान्यान असली तं काय नाय व्हत गो. लाट खालून जाते. मरन किनाऱ्याला."

आईचा चेहरा खर्रकन उतरला. फोन करायला किनाऱ्यावर उतरावं लागतं.

सहाव्या दिवशी फोन वाजला. कंपनीचा. बोट सुखरूप होती.

बाबा नव्हते.

दोन महिन्यांनी त्यांचा दोस्त त्यांची ट्रंक घेऊन आला. "वहिनी, हादरा बसला तसे आम्ही सगळे बोटीकडे पळालो. कॅप्टनने बोट लगेच बाहेर काढली. हा फोनच्या लायनीत. म्हटलं, चल यार! तर म्हणे, बातमी ऐकून ती घाबरेल. दोनच जण पुढे आहेत, सांगून येतो."

आईने त्याला चहा दिला. रडली नाही. त्या स्टुलावरून ती कधी उठलीच नाही, असं आता वाटतं.

मी हॉस्टेलला गेले, सासरी गेले, दुबईला गेले. ती दारात उभी राहून फक्त "ये" म्हणायची. एकदा मी चिडले. "सगळ्यांच्या आया सांगतात फोन कर म्हणून. तुला काळजीच नाही का गं?"

"फोनसाठी कुठे थांबू नकोस," एवढंच म्हणाली.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. आणि तरीही मी गप्प राहिले.

आई, तुझी चूक नव्हती गं. हे तुला एकदा तरी मोठ्याने सांगायला हवं होतं.

बाबांना तुझा आवाज ऐकव.

आणि पोचलीस की फोन कर. मी इथेच बसलेय.