‘कॅलिड’ सेक्रेटरीचा सत्कार

आमच्या मंडळाची गणपतीची स्मरणिका इंग्रजीत निघते. दिल्लीत वाढलेली आमची पोरं मराठी बोलतात, वाचत नाहीत. त्यामुळे तीस वर्षं सेक्रेटरी असलेल्या मित्रावरचा निरोपाचा लेख मी इंग्रजीत लिहायला घेतला आणि पहिल्याच वाक्यात अडकलो.

हा माणूस बेरकी. मंडपाची परवानगी, फुकटचा जनरेटर, कलाकारांसाठी पहाडगंजच्या हॉटेलात खोल्या, सगळं गोड बोलून मिळवणारा. पण बेरकीला इंग्रजीत म्हणायचं काय? एक तर फसवेगिरी येते, नाहीतर नुसती हुशारी.

आठवडाभर डिक्शनऱ्या उपसल्यावर ‘कॅलिड’ सापडला. अर्थ धूर्त, कावेबाज. शेजारी ‘क्वचित वापर’ असं छापलेलं. इथे शहाणा माणूस थांबतो. मी व्युत्पत्ती वाचली. मूळ लॅटिन: कातडीला घट्टे पडून ती निबर होणं. त्यावरून अनुभवाने मुरलेला, त्यावरून धूर्त. मंडपाचे बांबू ओढून मित्राच्या तळहातांना खरोखरच घट्टे पडलेत! मी एकट्यानेच टाळी वाजवली. लेखात मात्र व्युत्पत्ती दिली नाही. म्हटलं, वाचकांना कळेल. कुठल्या वाचकांना, देव जाणे.

स्मरणिका वाटली त्याच संध्याकाळी वहिनींचा फोन.

“भावजी, तीस वर्षं राबून माझा नवरा लबाड ठरला का? मुलाने मोबाइलवर अर्थ काढला. हे उद्या सत्काराला येणार नाहीत.”

सकाळीच हिंदूराव हॉस्पिटलच्या टेकडीजवळ मित्राचं घर गाठलं. तो पेपराआड. मी लॅटिन सांगितलं, घट्टे सांगितले. पेपर खाली आला.

“म्हणजे लबाड, वर निबर?”

“अरे यार, मला बेरकी म्हणायचं होतं!”

“मग तेच लिहायचं ना, गाढवा! माझा बाप रोज म्हणायचा मला बेरकी. फ्रेम करून लावलं असतं.” पेपराची घडी आपटून म्हणाला, “येतो. पण आधी माइकवर तू हे सगळं निस्तर. आणि लॅटिन बिल्कुल नको.”

संध्याकाळी स्टेजवरून मराठीत सांगितलं, हा माणूस बेरकी आहे. म्हातारे खदखदून हसले. मित्राने हारासकट मान डोलावली. सुटलो म्हणून उतरायला वळलो, तर पहिल्या रांगेतून माझीच मुलगी ओरडली,

“बाबा, बेरकी म्हणजे? इंग्लिशमध्ये सांगा ना!”

मी तोंड उघडलं. मित्राने शांतपणे माझ्या हातातला माइक काढून घेतला.